देवाजींचा पव्वा

देवाजी मेश्रामांनी उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून तर कॅम्प-1 वस्तीच्या बुद्धविहारात व्यसनमुक्तीवर दरवर्षी तासभर त्यांचंच भाषण असायचं. पण त्यांच्या बायकोनं, शालूताईंनी, मल्याळी शेजारणीकडून केक शिकायला घेतला, आणि त्यात रम पडते.

"मी बाईमाणूस जाऊ का त्या लायनीत?" म्हणत त्यांनी नवऱ्याला भर दुपारी सरकारी दारू दुकानावर धाडलं.

देवाजी उभे राहिले तशी लाइन गप्प झाली. कोणी तोंडावर गमछा ओढला, कोणी मागच्या मागे सटकला. त्यांच्या हाताखाली काम केलेला टिकाराम मात्र खिडकीच्या जाळीशीच सापडला. त्यानं धावत येऊन पाय धरले.

"भाऊ, तुमी इथवर आले आमाले समजवाले! आजपासून बंद. लेकराची आन!"

पाठोपाठ आणखी चौघांनी हात वर केले. देवाजींना खरं सांगवेना. त्यांनी पाचही जणांकडून शपथ म्हणवून घेतली.

तोवर देवाजी खिडकीपुढे आले होते. जाळीआडचा सेल्समन वैतागला. "चाचा, लेना है तो लो, नहीं तो हटो!"

"एक पव्वा. रम. सबसे सस्ती," देवाजी पुटपुटले.

चौघांनी मुकाट्यानं पुन्हा लाइन धरली. टिकाराम रडायलाच लागला.

"भाऊ, तुमी बी? कावून?"

"अरे, केकसाठी घेऊन राहिलो!"

"मी बी घरी असंच सांगत होतो. कधी खोकल्यासाठी, कधी कोंबडीच्या रश्श्यात टाकाले."

त्यानं पव्वा ताब्यात घेतला आणि देवाजींचा दंड धरून भरबाजारातून त्यांना घरी आणलं.

"वैनी, सांभाळा याइले. पिऊन राहिले."

शालूताईंचं लक्ष बाटलीवर. "अवो, एवढुशीच? दोन तरी आणायच्या!"

टिकाराम मटकन ओट्यावर बसला. सारं घरच बुडालेलं!

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी सहाला येतो आणि आठपर्यंत हलत नाही. दोघांना प्यायची संधी मिळू नये म्हणून समोर बसून चहावर चहा ढोसतो. शालूताईंनी केक पुढे केला, तर म्हणाला, "वास येऊन राहिला न त्याले!"

देवाजी त्याला हाकलणारच होते. पण टिकारामची बायको साधना भाजीबाजारात भेटली.

"भाऊ, दोन महिने झाले, यायनं दारूले हात नाही लावला. तुमची सुटेपर्यंत येतो म्हणतेत."

देवाजी घरी आले, पिशवी ठेवली आणि शालूताईंना म्हणाले, "आपली काही इतक्यात सुटत नाही, बरं का."