कुलकुलांची परात

दमले मी, म्हणून सावकाश बोलते. अंधेरीच्या आंबोली गावठाणातली मी पितळेची परात. इतकी थोरली, की भरलेली असले तर उचलायला दोघी जणी लागतात. मुंबईतल्या तांबाकाटा बाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि इनेझबायच्या लग्नात तिच्या माहेराने मला तिच्याबरोबर पाठवलं. त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली.

वर्षभर मी माळ्यावर पालथी असायचे. डिसेंबर लागला की मला खाली उतरवायचे, कल्हईवाला यायचा, आणि मग माझा जीव काढायचे. कुलकुलांचं पीठ, करंज्यांसारख्या नेवऱ्यांचं पीठ, तळून टम्म होणाऱ्या फुग्यांचं पीठ. नाताळचं सगळं माझ्यातच. वांद्र्याहून इनेझबायची लेक क्लॅरिस चार पोरं घेऊन यायची. दीर-जावा, भाचरं, सगळी माझ्याभोवती फतकल मारून बसायची. पोरांच्या हातात नवे कोरे कंगवे. पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबायची आणि वळायची, की झाली तळायला तयार शिंपल्यासारखी कुलकुल. निम्मं पीठ पोटात, थोडं केसांत. पुरुष ओट्यावर बसून दर अर्ध्या तासाने चहा मागायचे.

पीठ मळायची मात्र इनेझबाय. पुढे तिचे हात थकले आणि ते काम सून आयडाकडे आलं. मग इनेझबायला अर्धांगवायू झाला. दोन वर्षं ती खाटेवर होती. तिला उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं आयडाने केलं. त्या दोन्ही डिसेंबरांत आयडाचे हात माझ्यात असत आणि कान आत खाटेकडे.

१९५५च्या ऑगस्टमध्ये इनेझबाय गेली. आयडाने काळी साडी नेसली. डिसेंबर आला तरी मला कोणी उतरवलं नाही. मृत्यू झालेल्या घरात वर्षभर गोडाची कढई चढत नाही, अशी रीत आहे.

मागच्या खोलीत सावंतवाडीकडची मालन भाड्याने राहते. तिचा नवरा गिरणीत आहे. एकदा ती तांदूळ निवडायला आयडाजवळ बसली होती. आयडा हळूच म्हणाली, "मालन, कुणाला सांगू नको. या वर्षी काही करायचं नाही म्हणून मला बरं वाटलं गं. आय गेली आणि मला बरं वाटतंय. पाप लागेल ना?"

मालनने सूप खाली ठेवलं. "दमलंस तू, गो. दमण्याचं पाप कसलं?"

नाताळच्या पाच दिवस आधी क्लॅरिस पोरांना घेऊन आलीच. आयडाचा पाच वर्षांचा रोझारिओ माळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आय, परात काढ ना."

"नाही," क्लॅरिस फटकन म्हणाली. "माझ्या आयच्या घरात या वर्षी कढई चढायची नाही."

रोझारिओने विचारलं, "मोठी आय मेली, तर नाताळ पण मेला?"

क्लॅरिसची धाकटी रडायला लागली, मग तिचं बघून सगळीच. आयडा भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे मिटत होते.

रडं ऐकून मालन आली. तिने पदर खोचला. "परात द्या बघू इकडे."

"अगं, आमच्यात चालत नाही," क्लॅरिस म्हणाली.

"क्लॅरिसबाय, आमच्यातही वर्षभर गोडधोड करत नाहीत. शेजारीण करते आणि घरात आणून देते. तुमची कढई नाही ना चढणार? माझी चढेल."

क्लॅरिस बाजूला सरली. आयडाने आणि मालनने मला माळ्यावरून उतरवून मागच्या खोलीत नेलं. मागून पोरांची वरात. मला खाली ठेवून आयडा बाह्या सरसावू लागली, तशी मालनने तिला चटईवर बसवलं. "तुझं आज इथे काम नाही. पड जरा."

आयडा पडली आणि त्या सगळ्या गोंगाटात भर दुपारी गाढ झोपली.

मालनला कुलकुल कुठे ठाऊक? ती शंकरपाळ्यांसारखं घट्ट पीठ मळत होती. क्लॅरिस दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "असं नाही गं! नारळाचं दूध थोडं थोडं घाल. सरक." ती बसली आणि तिने माझ्यात हात घातले. ती मळायला लागली, अगदी तिच्या आयसारखी, मुठीने दाबून दाबून. मळता मळता तिचे खांदे हलायला लागले. आयच्या मयतालासुद्धा ती अशी रडली नव्हती.

रोझारिओ चटईकडे वळला. "आयला उठवू? तिला छान वळता येतात."

"उठवू नको रे तिला," क्लॅरिस म्हणाली. मग मालनकडे न बघता बोलली, "मी रविवारी केक घेऊन यायचे, तासभर बसायचे आणि जायचे. दोन वर्षं आयला उचललं ते हिने."

संध्याकाळी मालनने डबा भरून पुढच्या दारी आणून दिला. आयडाने एक कुलकुल तोंडात टाकली. "कडक झाल्यात," ती म्हणाली आणि दुसरी घेतली.

त्यानंतरची दोन वर्षं पीठ क्लॅरिसने मळलं. आयडा ओट्यावर बसून चहा मागायची.

आता माझ्या बुडाला चीर गेली आहे. कल्हई धरत नाही. मी परसात असते, कोंबड्या माझ्यातले दाणे टिपतात. परवा क्लॅरिस माझी चीर सांधून आणू म्हणत होती. आयडा म्हणाली, "राहू दे. पुष्कळ केलं तिने." ते ऐकून मला फार बरं वाटलं.

मला काही नको. नाताळात तुम्ही कुणाच्या घरी गेलात, तर ताटलीतलं तोंडात टाकण्याआधी जरा आत डोकावा. पिठाच्या हातांनी कोणीतरी बसली असेल. तिला विचारा, "तू जेवलीस का गं?"