बागेतल्यासारखा बाक

प्रभावती गेली, तेव्हापासून उकंडा डायवरांनी नेरच्या बागेत पाऊल टाकलं नव्हतं. रोज संध्याकाळी नवरा-बायको जिथे बसत, तिथे आता लोक विचारत, "एकटेच काय जी?" यावर त्यांनी तोड काढली. बागेत आहे अगदी तसाच बाक आपल्या अंगणात आणून टाकायचा.

पण तो बाक दोघांचा, हे त्यांच्या मुलीच्या, शीलाच्या लगेच लक्षात आलं. सोमवारी तिची रजा संपत होती. नागपुरात वाचनालयातली नोकरी होती, भाड्याची का होईना, स्वतःची खोली होती. मावशी, शेजारीण, सगळ्यांनी विचारून झालं होतं, "बापाले एकटं टाकून जातं?" बाबांनी तेवढं विचारलं नव्हतं. म्हणून तर त्यांना 'जाते' म्हणणं जड जात होतं.

दोघं पूनमसिंगच्या कारखान्यात आली, तेव्हा तिथे सिमेंटचे पाइप नि खांब धूळ खात पडले होते.

"या डायवर साहेब! आज पायदल? गाडी पंचर झाली काय?"

"गाडी गेली, पायच राह्यले. बागेतल्यावानी बाक दाखव."

"साचा तोच हाय जी, ते बाक मीच देल्ले. औंदा कापसानं साऱ्याइची वाट लावली, घर कोणी बांधून नाही राह्यलं. बाकडेच जाते, तेबी मेलेल्याइचं नाव टाकाले. तुमालेबी टाकाचं काय?"

"नाव नाही टाकाचं. बसाचं हाय."

शीला एका सुट्या खुर्चीपाशी थांबली. "बाबा, हे पाहा न. पावसातही टिकन. एका माणसाले बास."

"बागेत अशी कुठं हाय?"

त्यांनी बाकाच्या पाठीच्या पट्ट्यांवरून हात फिरवला, उंची गुडघ्याला लावून पाहिली, मग ऐसपैस बसले. "तू बसून पाह्य."

ती त्यांच्या डावीकडे टेकली.

"तिकून नाही. गाडीच्या इंजिनानं तो कान खाल्ला माया. इकून ये."

ती उठली आणि वळसा घालून उजवीकडे बसली. आणि एवढ्या दिवसांत घरात हूं की चूं न करणारे बाबा बोलू लागले. नळाला पाणी उशिरा येतं, वरणात तू लसूण जास्त टाकतेस, राळेगावच्या रस्त्यावर एकदा रानडुक्कर आडवं आलं होतं. बोलता बोलता ते हसलेसुद्धा.

आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल, असं शीलाला वाटलं.

"बाबा, सोमवारी मी..."

"हं?" त्यांनी उजवा कान तिच्याजवळ आणला. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं.



"सोमवारी येईन काय बाक, ते विचारा न त्याइले."

"सोमवार कायले, ताई?" पूनमसिंग तिकडूनच ओरडला. "उद्याच टाकतो. फक्त जागा पक्की करून ठेवा. एकडाव टेकला का मंग हालत नाही थो."

शीलाने त्याला घराचा पत्ता सांगितला.