भिंतीवरचा उजेड

बल्बच्या खोक्यावर काय छापलंय ते दादा कधी वाचत नसत. छापणाऱ्याच्या बापाचं काय जातं, असं त्यांचं म्हणणं. खोक्यावर चार हजार तीनशे केल्विन लिहिलेलं असायचं आणि आतून भलतंच निघायचं. म्हणून गाड्यांच्या दिव्यांच्या आपल्या दुकानाची मागची भिंत ते दरवर्षी चुन्यानं पांढरी करून घ्यायचे, शटर अर्धं खाली ओढायचे, बल्ब बॅटरीला जोडून भिंतीवर उजेड पाडायचे आणि नुसत्या नजरेनं ठरवायचे. आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, वाढत गेला की पांढरा, मग निळसर. घाटातल्या धुक्यात निळसर उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून गाडीला लोण्याच्या रंगाचा उजेड हवा, हे पस्तीस वर्षं घसा कोरडा करून त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. लोकही दुसरीकडे जात नसत. दादांनी लावलाय म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

धाकट्या भावाच्या गाडीचे दिवे अर्थातच त्यांनीच लावले होते. धाकटा औषधांची खोकी घेऊन रोज सकाळी घाटापलीकडे जायचा. गेल्या हिवाळ्यात अशाच एका धुक्याच्या सकाळी रस्ता वळला आणि त्याची गाडी सरळ गेली. भेटायला आलेली माणसं दबक्या आवाजात कारणं शोधत बसली होती, तेव्हा दादा सगळ्यांदेखत म्हणाले होते की दिवे मी लावलेत, दिव्यांचा प्रश्नच येत नाही, यानंच घाई केली असणार. धाकट्याची बायको समोरच बसली होती.

त्यानंतर दादांना सगळंच धुरकट दिसायला लागलं. बायकोनं दोन महिने डोकं खाल्लं तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला जुना. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात करायचं ठरलं. पट्टी निघाली त्या दिवशी घरातला टॉवेल बघून दादा म्हणाले, हा नवा कधी आणलास? बायको हसली. टॉवेल तोच होता, चार वर्षं वापरातला. डॉक्टरांनी समजावलं होतं की मोतीबिंदूनं सगळं पिवळट दिसतं आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही.

आठवड्यानं दादा दुकानात गेले. शटर खाली ओढलं, एक बल्ब जोडला आणि भिंतीकडे बघितलं. उजेड निळा होता. डावा डोळा झाकला, निळा. उजवा झाकला, लोण्याच्या रंगाचा, अगदी हवा तसा. फळीवर धाकट्याच्या गाडीचा एक न फुटलेला दिवा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. टाकून द्यायला त्यांचा हात धजला नव्हता. तो त्यांनी खाली काढून जोडला. भिंत धुतलेल्या कपड्यांना नीळ द्यावी तशी दिसायला लागली. दादा तिथेच स्टुलावर बसले आणि रडले, मोठ्यानं, शटरच्या बाहेर ऐकू जाईल असे.

मग त्यांनी मागच्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्या आठवून फोन करायला सुरुवात केली. दिवे बदलून देतो, घाटात जाऊ नका, एवढंच सांगत राहिले. घरी बायकोला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, गेलेलं माणूस परत येणार आहे का? मग कशाला धाकटीच्या जखमेवरची खपली काढताय, तोंड मिटून बसा. कुणाला कधी कळलंही नसतं. पण घाई केल्याचा डाग धाकट्याच्या माथी दादांनीच लावला होता, आणि तो पुसायला दुसरं कुणी येणार नव्हतं.

ते धाकट्याच्या घरी गेले तेव्हा त्याची बायको खिडकीपाशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. दादांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डोळ्याचं, भिंतीचं, त्या दिव्याचं. ती सुईखालचं कापड तसंच धरून ऐकत राहिली.

"मला माहीत आहे, दादा," ती म्हणाली. "उजेड निळा पडतोय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग मला का नाही बोलला?"

"मी म्हटलं होतं, जाऊन सांगा. तर म्हणाले, दादाला दिव्यातलं मी काय शिकवू? त्याला वाईट वाटेल."

ती उठली आणि कपाटातून एक चष्मा घेऊन आली. गाडीतल्या सामानात परत मिळालेला. एका काचेला तडा गेला होता. नंबर बिंबर काही नव्हता, नुसत्या पिवळ्या काचा.

"हा लावून जायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, हा लावला की दादा सांगतो तस्सा दिसतो उजेड."

दादांनी चष्मा हातात घेतला. डावा डोळा तळव्यानं झाकून तो लावला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांना दिसत होती तश्शी दिसली.