कंगोऱ्याला हात लावायचा नाही

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपात यंत्रांचे तुटके भाग स्कॅन करून नवे घडवून देत. पौर्णिमा तिथं कॉम्प्युटरवर बसायची, आणि मालक पुष्करसरांशी तिचं सकाळपासून वाजलं होतं.

निमित्त होतं डाळमिलच्या रोलरचं. अंजनगाव सुर्जीच्या वच्छलाबाईंच्या मिलमधला रोलर घासून गेला, आणि तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. जादाचा म्हणून पेटीत ठेवलेला न वापरलेला रोलर काढताना पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. त्याचे डाळ भरडायचे दाते मात्र नवेकोरे. बाईंनी नमुन्याला तेच तुकडे आणून दिले होते.

स्कॅन केलं की वस्तूचा पृष्ठभाग पडद्यावर हजारो त्रिकोणांत उतरतो. काही लांबुळके, काही चिमटलेले. ते नीटनेटके करावे लागतात. पुष्करसरांनी एक बटण दाबून सगळंच गुळगुळीत केलं. रोलर देखणा झाला खरा, पण दात्यांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या. सॉफ्टवेअरला खडबड आणि धार यांतला फरक कळत नाही, हे एक वेळ समजून घेता येईल. माणसाला कळून घ्यायचाच नसेल तर काय बोलणार!

पौर्णिमानं त्रिकोणांचे सपाट भागातले बिंदू सरकायला मोकळे सोडले. दात्यांच्या कंगोऱ्यावरचे बिंदू कंगोऱ्यावरूनच सरकतील आणि कोपऱ्यांतले जागचे हलणार नाहीत, असं बांधून टाकलं. त्रिकोण सुधारले, धार शाबूत राहिली. त्यात तिचे दोन दिवस गेले.

"गिऱ्हाईक गुळगुळीत बघून खूश होतं," सर म्हणाले. "माझी फाईल ओतकामाला पाठव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही पाठवत, सर. दोन्ही नमुने प्लास्टिकात छापते. कोणता पाह्यजे ते वच्छलाकाकूच सांगतीन."

अशी नोकरी अकोल्यात दुसरी नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीतीही वाटत होती. पण चुकीच्या कामाला मान डोलवायची म्हटलं की तिचं डोकं फिरायचं.

दुपारी वच्छलाबाई आल्या. त्यांनी सरांचा नमुना अंगठ्याच्या नखावर ओढला. तो नुसता घसरला. पौर्णिमाचा नखात अडकला.

"फिनिशिंग बघा की याचं," सर पहिल्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"गोल दातेच पाह्यजे असते, तं माया जुना रोलर काय वाईट होता?" बाई म्हणाल्या. "त्याले असं व्हाले दहा वर्सं लागले. तुमी तं एका दिवसात केलं."

सरांचा चेहरा उतरला. "बरं, तुझी फाईल पाठव," ते पौर्णिमाला म्हणाले. "पुढच्या कामाला मात्र मी सांगेन तसंच करायचं."

"धार असन तं नाही करणार, सर," पौर्णिमा म्हणाली, आणि फाईल पाठवली.