पूर्वेच्या खिडकीतला पलंग

सकाळचे ऊन त्या घरात घाईने येत नसे. आधी पूर्वेच्या खिडकीची काच नुसती दुधाळ होई. मग चौकटीच्या कडेला एक पिवळसर रेघ उमटे, ती हळूच उशीवर उतरे, चादरीवर पसरत पायथ्यापर्यंत जाई, आणि नऊच्या सुमारास, दाराशी क्षणभर टेकलेल्या पाहुण्यासारखी, काही न बोलता निघून जाई. पलंग आईचा होता. गेले अकरा महिने रिकामा. गुडघ्याच्या उपचारांसाठी ती दोन महिने म्हणून ताईकडे गेली होती, आणि पुस्तकबांधणीच्या कामावर निघण्यापूर्वी घरात एकटा उरलेला तिचा मुलगा रोज ती न विस्कटलेली चादर नीट करी.

आईची आफ्रिकन व्हायोलेटची पाच रोपे मात्र रुसून बसली होती. दक्षिणेच्या खिडकीत दुपारच्या उन्हाने पाने करपली. उत्तरेला हलवली, तर देठ लांबत गेले, सगळी रोपे काचेकडे झुकली. कळी एकही नाही. आई उंबऱ्यात पाऊल टाकील तेव्हा ती फुललेली असावीत, एवढेच त्याला हवे होते.

रविवारी ताईचा फोन आला.

"काय रे, रोपांना खिडक्या दाखवत फिरतोस, जशी काही स्थळंच! पूर्वेला ठेव की. सकाळचं कोवळं ऊन मानवतं त्यांना."

"तिथे पलंग आहे."

"मग हलव!"

"आणि आई आल्यावर कुठे झोपेल?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. जरा वेळाने आईच फोनवर आली.

"बाळा, माझ्याकडे आज फूल आलंय. जांभळं. निघताना ओल्या रुमालात एक पान गुंडाळून आणलं होतं ना, ते रुजवलं इथल्या खिडकीत."

"छान झालं," तो म्हणाला.

"पलंग हलव हं," आई हळूच म्हणाली. "जड आहे. कंबर सांभाळ."

त्याने फोन ठेवला. एका पानाला मुळे फुटून फूल येईपर्यंत वर्ष सरत येते, हे तिनेच त्याला शिकवले होते. दोन महिन्यांसाठी निघालेले माणूस सोबत पान नेत नाही.

त्याने पलंग आतल्या भिंतीशी ओढला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्टूल ठेवून पाचही कुंड्या मांडल्या.

आई आता ताईकडेच राहणार होती.