ऊर्ध्वानंदांची विभूती आणि शिवकांताचं ताट

कडा गावच्या बाजारतळावर तीनशे माणसं धाय मोकलून रडत होती आणि मेलं कुणीच नव्हतं.

ऊर्ध्वानंद महाराजांनी विभूती भरलेली पातळ पिशवी बोअरच्या खारट पाण्यात सोडली होती. ना मोटर, ना पंप, तरी पिशवी टम्म फुगली. आतलं पाणी पातेल्यात ओतून त्यांनी ते शेगडीवर ठेवलं.

"बघा, विभूती निघाली कैलासाला! खाली उरलं तीर्थ! ज्याचे डोळे जितके वाहतील, त्याची किडनी तितकी साफ!"

वाफ पसरली आणि पहिल्या रांगेपासून सगळेच घळाघळा रडायला लागले. सगळ्यांत जास्त रडला तो नागप्पा. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं डायलिसिस बंद. रोज पाच तांबे तीर्थ घे!"

नागप्पाची बायको शिवकांता शेजारीच बसली होती. उद्याच तर नवऱ्याला डायलिसिससाठी बीडला न्यायचं होतं, आणि डॉक्टरांनी त्याला पाणी मोजूनच प्यायला सांगितलं होतं.

तिचे डोळे मात्र कोरडेच. "दगडाच्या काळजाची हाय बाई," शेजारीण कुजबुजली. दगड कसला! वीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढं उभं राहणाऱ्या बाईला तो वास रोजचाच. बिस्किटं फुलावीत म्हणून ती मैद्यात घालते, तीच ही बेकरीतली अमोनियाची भुकटी.

ती उठली. रसवंतीवाल्याकडून बर्फ भरलेलं ताट आणून तिनं पातेल्याच्या वाफेवर धरलं.

"बाई, विभूतीची वाट अडवू नका!" महाराज किंचाळले.

"कैलासाला जायचंय ना तिला? मग माझ्या ताटाला कावून भेती?"

थोड्या वेळानं तिनं ताट उलटं केलं. बुडाला पांढरी भुकटी धरली होती.

"ही बघा, परत आली. ऊन लागलं की उडती, गार लागलं की घट्ट होती. पुन्हा पिशवीत भरा, पुन्हा कैलासाला धाडा! मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं न्हवं? तसंच ही भुकटी बाहेरचं पाणी आत ओढती, आन् पिशवी खार बाहेरच ठेवती. डोळे वाहतात ते वाफेनं. किडनी कशी साफ होईल?"

महाराजांनी तेवढ्यात जीप गाठली. तरी दोघांनी शिवकांताला हळूच विचारलंच, "बेकरीत रडायला किती वाजता यावं?"

आता अशांना काय सांगावं? बाबांनो, डोळे भरून आले तरी पातेल्यात काय घातलंय एवढं तरी बघा.

नागप्पा ओशाळून बसला होता. "शिवकांता, माझं रडू खोटं नव्हतं गं."

"ठाव हाय मला. जगायचंय म्हणून रडलात," ती म्हणाली. तिचेही डोळे आता भरले होते. "उठा. सकाळची बीडची यष्टी धरायची हाय."