फोटोत झुंबरबाई कुठं बघते

जाफराबादच्या बसस्टँडजवळ कहकशाचं फ्लेक्सचं दुकान आहे. पिंपळगाव रेणुकाईची रूपाली आपल्या वडलांना, आप्पारावांना घेऊन तिथं आली, ती एक जुना फोटो मोठा करून घ्यायला. तिची आई झुंबरबाई गेल्या साली वारली होती. पहिल्या स्मृतिदिनाला लावायला हा एवढाच फोटो होता. आई-आप्पा शेजारी उभे, आणि सगळं पुसट.

"मोठा केला तर चेहराच फाटेल, ताई," कहकशा म्हणाली. "एक करून बघू. एआयला फोटो दाखवते. त्यात काय काय दिसतं ते तो लिहून देतो. मंग त्या मजकुरावरून नवं चित्र काढता येतं."

मजकूर मराठीत आला. चुका दुरुस्त करायला म्हणून ती तो मोठ्यानं वाचू लागली.

"विटांच्या भिंतीपुढे तरुण जोडपं. बाईच्या अंगावर बारीक ठिपक्यांचं लुगडं. हातात मिटलेली छत्री."

"छत्री न्हाई ती," बाकावरून आप्पाराव म्हणाले. "माझी काठी. फोटोपुरती तिनं काढून घेतल्ती."

लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले होते. कहकशानं छत्रीची काठी केली आणि पुढं वाचलं, "पुरुष समोर तोंड करून ताठ उभा आहे. बाई कॅमेऱ्याकडे पाहत नाही. मान वळवून ती पुरुषाकडे पाहते आहे, आणि किंचित हसते आहे."

आप्पाराव उठून उभे राहिले. "हे बराबर लिहिलंय का? का छत्रीसारखंच?"

रूपालीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. इतक्या वर्षांत तिचंही तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

"बराबर आहे, आप्पा. तुमच्याकडंच बघून राह्यली."

"मला कधी बोलली न्हाई." ते हळूच खाली बसले. "परत वाच, बेटी."

कहकशानं परत वाचलं. नंतर नवं चित्रही निघालं, स्वच्छ, चकचकीत, पण रूपाली म्हणाली, "ही आई न्हाई." मग जुनाच फोटो लहान आकारात छापला, आणि कहकशानं तो मजकूर आपल्या आवाजात रूपालीच्या मोबाइलवर भरून दिला.

"तिचा चेहरा मी हातानं वळखायचो," निघताना आप्पाराव म्हणाले. "नजर हाताला लागत न्हाई."

स्मृतिदिनाला कहकशाही गेली. बुद्धवंदना झाल्यावर आप्पारावांनी ते रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. तिला शेजारी बसवून घेतलं, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत राहिले, "हिनं मला दाखवलं."